महाराष्ट्र निसर्ग उद्यान: उकिरड्यावरचं रान

वाघ-बिबट्या, धबधबा, डोंगरमाथ्यावरचा वारा यांतलं काही हवं असेल तर इथे येऊ नका. सायन-वांद्रे जोडरस्त्यालगत, धारावी आगाराजवळ जेमतेम ३७ एकरांची ही जागा. एका अंगाला धारावी, दुसऱ्या अंगाला मिठी नदी आणि पलीकडे बीकेसीच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या, काचेच्या इमारती. १९७७ पर्यंत इथे मुंबईचा कचरा पडायचा. त्यावर माती पसरून झाडं लावली आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुलं झालं. हे डोक्यात ठेवून गेलात तरच पायवाटेची खरी मजा कळते.

बरोबर आत्या होती. तिचं सगळं आयुष्य गुहागरच्या वाडीत गेलंय, त्यामुळे शहरातल्या ‘जंगला’बद्दल तिला फारसा आदर नाही. आत शिरताच म्हणाली, "अगो, हे लावलेलं रान. ओळी दिसतायत बघ." खरंच होतं. पण पुढे एका झाडाच्या बेचक्यात पिंपळाचं रोप फुटलेलं दिसलं, तशी ती थांबली. "हे मात्र पाखरानं लावलं." मग तिला खेळच मिळाला: माणसाचं कुठलं, पाखराचं कुठलं. माहितीच्या फलकांपेक्षा मला यातच जास्त समजलं.

रुईच्या झुडपापाशी वेळ काढा. पानाच्या खालच्या बाजूला काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी सापडली तर नशीब. रुईचा विषारी चीक ती पचवते, अंगात साठवते, म्हणून पुढे तिचं नारिंगी फुलपाखरू झालं तरी पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. तांबट पक्षी ऐकू येतो भरपूर, दिसतो क्वचित. मान दुखेल, एवढंच.

मिठीकडची कड मला सगळ्यात आवडली. तिथे तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं आहेत. त्यांची मुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर उभी असतात, कारण त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतोच. श्वास घ्यायला मुळांनाच वर यावं लागतं. पानावर कधी मिठाचे बारीक कण दिसतात. खाऱ्या पाण्यातलं जास्तीचं मीठ झाड पानांवाटे बाहेर टाकतं. आत्याने पानावर बोट फिरवून चाखलं, मी नाही. नदीचं पाणी काय दर्जाचं आहे ते मुंबईकराला सांगायला नको.

त्यामुळे वास येतो. ओहोटीला जास्तच. पण चिखल उघडा पडतो तेव्हाच बगळे खाली उतरतात, म्हणून मी तरी ओहोटीची वेळ बघूनच जाईन. नाक नाजूक असेल तर भरतीला जा आणि झाडांवर समाधान माना.

वाटेला म्हणण्यासारखा चढ नाही, गुडघे दुखणारी आत्याही सावकाश फिरली. पावसाळ्यात हिरवाई अंगावर येते, पण डासही येतात. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. लहान मुलांना जरूर न्या, फक्त झोपाळा-घसरगुंडीचं आमिष दाखवू नका. दुर्बीण असेल तर उत्तम. मोबाइलवर गाणी लावणाऱ्या मित्राला मात्र बीकेसीतच सोडा.