पेक मायनर मोजायचा: टेबलवर, टेपनं की कॅलिपरनं?

नागपुरात धंतोली-रामदासपेठेत नवीन क्लिनिक टाकणारे ज्युनियर फिजिओ हमखास विचारतात, खांदे पुढे आलेल्या पेशंटचा पेक मायनर (पेक्टोरॅलिस मायनर, बरगड्यांपासून खांद्याच्या पात्यापर्यंत जाणारा छातीतला छोटा स्नायू) आखडलाय का ते मोजायचं कसं. माझं मत आधीच सांगतो, टेपच घ्या.

टेबलवाली पद्धत सगळ्यांना येते, पेशंटला उताणं झोपवायचं आणि ॲक्रोमियनच्या (खांद्याच्या टोकावरच्या हाडाच्या) मागच्या कडेपासून टेबलपर्यंतचं अंतर मोजायचं, २.६ सेंटीमीटरच्या वर गेलं की आखडलं म्हणायचं. अर्ध्या मिनिटात काम, कपडे काढायची भानगड नाही, पण भाऊ, २००७ मध्ये लुईस आणि व्हॅलेंटाईननं खांदा दुखणारे ४५ आणि न दुखणारे ४५ जण मोजले तर धडधाकट लोकसुद्धा सगळे २.६ च्या वरच निघाले. म्हणजे तोच माणूस पुन्हा मोजला तर आकडा दरवेळी नीट जुळतो, फक्त त्यावरून आजारी कोण आणि चांगला कोण ते काही कळत नाही. पाठीला बाक असला किंवा गादी मऊ असली तरी तो बदलतोच.

टेपनं मोजताना थेट स्नायूची लांबीच बघतो आपण, कोरॅकॉइडपासून (खांद्याच्या पात्याचं पुढे आलेलं टोक) चौथ्या बरगडीची खालची कड जिथे छातीच्या हाडाला भेटते तिथपर्यंत. बरगडी शोधताना लोक गडबडतात, तर आधी स्टर्नल अँगल, म्हणजे छातीच्या हाडावर वरच्या बाजूला लागणारा आडवा उंचवटा, चाचपा, तिथे दुसरी बरगडी लागते, मग तिथून खाली दोन मोजा. आलेल्या लांबीला उंचीनं भागून १०० नी गुणायचं, म्हणजे १४ सेंटीमीटर लांबी आणि १६५ उंची असेल तर इंडेक्स ८.४८ येतो. यानं उंच पोरगा अन् ठेंगणी काकू यांची तुलना तरी करता येते. पेशंट उभा की झोपलेला, श्वास सोडलेला की भरलेला, हे दरवेळी सेमच ठेवा नाहीतर महिनाभराच्या स्ट्रेचिंगनं फरक पडला की नुसती पोझिशन बदलली ते समजणार नाही. बायकांचं मोजताना आधी नीट समजावून परवानगी घ्या, लेडी असिस्टंट सोबत ठेवा, हे पुस्तकात एका ओळीत असतं पण प्रॅक्टिसमध्ये मोठा मुद्दा आहे. आणि मे महिन्यात कूलर बंद पडला की घामानं टेप चिकटते ते वेगळंच.

कॅलिपर (दोन टोकांमधलं अंतर मोजायचा चिमटा) सरळ रेषेत मोजतो, टेपसारखा छातीच्या उंचवट्यावरून वळत नाही, त्यामुळे जाड पेशंटमध्ये बरा. पण बोर्स्टॅडच्या २००८ च्या कामात टेप अन् कॅलिपर दोन्ही खऱ्या लांबीच्या बऱ्यापैकी जवळ आले होते, मग थीसिस करत नसाल तर काऊन घेता?

जिम ट्रेनर असाल तर बरगड्या चाचपत बसू नका, टेबलवर दोन्ही खांद्यांतला फरक तेवढा बघा आणि दुखत असेल तर फिजिओकडे पाठवा. अन् हो, पेक मेजरला (छातीचा वरचा मोठा स्नायू) यातलं काहीच चालत नाही, त्याला उताणं झोपवून हात डोक्याकडे तिरका नेऊन टेबलला टेकतो का ते बघायचं, कंबर उचलू न देता.