एक इंची पितळी एनआरव्ही: दोन वर्षं वापरून झाल्यावर

एनआरव्ही म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. आधी आमचं रडगाणं सांगते, म्हणजे एवढ्याशा तुकड्याला ६४० रुपये का मोजले ते कळेल. घर दुमजली. अंगणात जमिनीतली टाकी, तिच्या काठावर अर्ध्या एचपीचा साधा मोनोब्लॉक पंप आणि गच्चीवर ५०० लिटरची टाकी. रात्री टाकी भरून झोपायचं आणि पहाटे नळ सोडला की नुसती फुसफुस. सासूबाईंचा संशय वरच्या भाडेकरूंवर. मी टाकीला तडा गेलाय का बघायला दोनदा गच्चीवर चढले. शेवटी एका रात्री पंपावर बॅटरी मारली, तर बटण बंद, मोटार बंद आणि मागचा पंखा आपला निवांत उलटा फिरतोय! गच्चीवरचं पाणी पंपातूनच खालच्या टाकीत परत चाललं होतं.

घर बांधताना कुणीतरी पाइप वाचवायला पंपाची लाइन वरच्या टाकीला तळातून जोडली होती. ती वरून सोडली असती तर फार तर पाइप रिकामा झाला असता, टाकी नाही. त्यात फूट व्हॉल्व्हच्या, म्हणजे खालच्या टाकीत बुडालेल्या पाइपच्या तोंडाशी पाणी अडवणाऱ्या व्हॉल्व्हच्या, झडपेत खडा अडकलेला.

पहिल्यांदा एका दुकानदाराने १८० रुपयांचा प्लास्टिकचा एनआरव्ही गळ्यात मारला. आत नुसती लोंबती झडप. पाणी पुढे जाताना ती उचलली जाते, मागे फिरलं की आपटते. आपटते म्हणजे खरंच आपटते. पंप बंद केला की धाडकन आवाज, भिंतीतला पाइप थरथरायचा आणि भाडेकरूंचं बाळ दचकून उठायचं. आठवड्यात काढला.

मग हा पितळी, स्प्रिंगवाला घेतला. यात बारीक स्प्रिंगने एक चकती रबरी सीलवर दाबून धरलेली असते. पंपाच्या जोराने ती मागे सरते. पंप थांबला की पाणी उलटं फिरायच्या आधीच स्प्रिंग तिला जागेवर बसवते, म्हणून आदळआपट नाही. आमची गच्ची पंपापासून साधारण ९ मीटर उंच, म्हणजे बंद झडपेवर जवळजवळ ०.९ बारचा दाब रात्रभर. दोन वर्षांत टाकी उतरलेली नाही. स्प्रिंगला ढकलण्यात थोडा जोर जातो. टाकी भरायला पूर्वी २२ मिनिटं लागायची, आता २४. चालतंय.

एकदाच दगा दिला, आणि तोही माझ्याच हाताने. सांधा पुन्हा घट्ट करताना टेफ्लॉन टेप आट्यांच्या टोकापर्यंत गुंडाळली. तिचा एक धागा सुटून सीलवर आडवा बसला. केसाएवढा धागा, पण टाकी पुन्हा उतरायला लागली. टेप पहिला आटा सोडूनच गुंडाळा. आणि प्लंबर नको म्हणाला तरी शेजारी युनियन, म्हणजे पाइप न कापता उघडता येणारा जोड, टाकून घ्या. आमच्याकडे नव्हती, त्यामुळे साफसफाईसाठी पाइप कापावा लागला.

हा बसवलाय पंपानंतर, वर जाणाऱ्या लाइनवर, बाण वरच्या दिशेला. पण हा आहे म्हणून फूट व्हॉल्व्ह काढून टाकायचा नाही हं, पंपात पाणी धरून ठेवायचं काम त्याचंच. खडा काढून तो परत बसवलाय. सक्शनला, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या पाइपला, स्प्रिंगवाला लावू नका, पंपाला ओढायला जड जातं. भावाच्या फ्लॅटमध्ये प्रेशर पंपाच्या बायपासवर, म्हणजे पंपाला वळसा घालून जाणाऱ्या पाइपवर, असाच एक आहे. पंप बंद असला की पाणी त्यातून आपसूक उतरतं. पंप चालू झाला की तो मिटतो, नाहीतर पंप तेच पाणी गोल गोल फिरवत बसला असता.

गीझरच्या थंड पाण्याच्या लाइनवर मात्र सेफ्टी व्हॉल्व्ह नसताना नुसता एनआरव्ही ठोकू नका. तापलेलं पाणी फुगतं, आणि त्याला मागे सरकायची वाटच आपण बंद केलेली असते.

पाचपैकी चार तारे. एक कापला, कारण बाणाची खूण इतकी पुसट की मोबाइलचा टॉर्च लावून शोधावी लागली. घेताना दुकानातच तोंडाने फुंकून बघा. बाणाच्या बाजूने हवा सुटली पाहिजे, उलट्या बाजूने नुसते गाल फुगले पाहिजेत. दुकानदार हसतो. हसू दे.