सत्य एकच की ज्याचं त्याचं? दोन्हीकडे राहून बघितल्यावर

निरपेक्षतावाद (सत्य आणि तर्क सगळ्यांना एकच) घ्यावा की सापेक्षतावाद (सत्य ज्या-त्या समाजाचं आपापलं), असं हल्ली बरेच जण विचारतात, विशेषतः मानवशास्त्राची किंवा तत्त्वज्ञानाची पुस्तकं नुकती हातात पडलेले. मी दोन्हीकडे बरीच वर्षं काढलीयेत त्यामुळे कुठे काय टोचतं एवढं तरी सांगू शकतो. व्याख्यांच्या आणखी खोलात जात नाही. आणि 'सगळं सापेक्ष आहे हे विधानपण सापेक्षच का?' हा पहिल्याच लेक्चरला मारला जाणारा षटकार आहे ना, तोही सोडून देतो, त्याने कुणाचं मत बदललेलं मी अजून पाहिलेलं नाही.

खरी कसोटी घ्यायची तर आफ्रिकेतल्या झांदे लोकांवर घ्या. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड १९२६ ते ३० या काळात दक्षिण सुदानमध्ये त्यांच्यात राहून आला आणि १९३७ साली त्याचं पुस्तक आलं, आज दोन्ही पार्ट्या त्याच पुस्तकातून आपापला पुरावा काढतात. त्यातलं धान्याच्या कोठाराचं उदाहरण बघा. खांबांवर उभं कोठार, दुपारच्या उन्हात लोक त्याच्या सावलीला बसतात, एक दिवस ते कोसळतं आणि खालची माणसं जखमी होतात. वाळवीने खांब खाल्ले हे झांदे माणसाला नीट माहिती असतं, तो काही खुळा नाही. त्याचा प्रश्न पुढचा आहे, की वाळवीने खाल्लं ठीक, पण नेमकं हीच माणसं बसलेली असताना आत्ताच का पडलं? त्याचं उत्तर चेटूक. आपलं उत्तर 'योगायोग', म्हणजे खरं तर प्रश्नच विचारू नका.

इथे सापेक्षतावादी भाव खाऊन जातो हे कबूल करायलाच हवं. ब्रिटिश तत्त्वज्ञ पीटर विंचने १९६४ च्या लेखात हाच धागा पकडला, की चेटकाला फसलेलं विज्ञान समजून मोजणं हीच गफलत आहे, ते लोक मुळात वेगळंच काहीतरी करतायत. त्याच्या आधीचा फ्रेंच विचारवंत लेव्ही-ब्रूल वाचलात तर विंचची गरज का पडली ते कळतं. अशा 'आदिम' लोकांचं मनच तर्काच्या आधीच्या पायरीवर आहे असं म्हणणारा माणूस तो, आणि आयुष्याच्या शेवटी स्वतःच्या टिपणवह्यांमध्ये त्यानेच ते बरंचसं मागे घेतलं.

निरपेक्षतावादाचं खरं दुखणं हेच आहे. तर्क सगळ्यांना सारखाच म्हणता म्हणता आपल्या गल्लीतली सवय कधी जगाच्या गळ्यात बांधली जाते ते कळतही नाही. ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुकचं प्रकरण घ्या. १४ फेब्रुवारी १७७९ ला हवाईत त्याला मारलं. हवाईच्या लोकांनी त्याला खरंच त्यांचा लोनो नावाचा देव मानलं होतं का, यावर श्रीलंकेचे मानवशास्त्रज्ञ गणनाथ ओबेसेकेरे १९९२ मध्ये म्हणाले की ही युरोपियनांची स्वतःबद्दलची दंतकथा आहे, व्यवहारी अक्कल सगळ्या माणसांना असते आणि हवाईच्या लोकांनाही होती. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मार्शल सालिन्सने १९९५ मध्ये अख्खं पुस्तक लिहून उत्तर दिलं, की स्थानिकांची बाजू घेण्याच्या नावाखाली तुम्ही त्यांच्या डोक्यात पाश्चात्त्य मध्यमवर्गीय अक्कलच कोंबताय. आरोप झोंबणारा आहे, आणि अगदीच खोटा नाही.

इतकं सगळं असूनही मी सापेक्षतावाद सोडला, कारण त्याची एक खोड मला अक्षरशः सहन होईना. 'त्यांच्या दृष्टीने ते खरंच आहे' हे वाक्य. ऐकायला किती सभ्य, पण ते आलं की गप्पा संपल्या, पुढे विचारायला काही उरतच नाही. आणि हे 'ते' म्हणजे नक्की कोण, तेही कोणी सांगत नाही.

कोकणात आमच्या चुलतभावाला पावसाळ्यात गवत कापताना पायाला काहीतरी चावलं. काका मंत्र टाकणारे नाहीत पण मानणारे आहेत, त्यांनी माणूस बोलावला, तेही खरं. पण त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो 'दिवड होता की फुरसं?' (दिवड बिनविषारी, फुरसं विषारी) आणि मंत्र चालू असतानाच शेजाऱ्याची रिक्षा दारात उभी करून ठेवलेली. दवाखान्यात डॉक्टरांनी काचेच्या नळीत रक्त घेतलं, वीस मिनिटं हात न लावता ठेवलं, मग नळी हळूच कलती केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. फुरसंच, त्याच्या विषाने रक्त गोठत नाही. सापाच्या विषावरची लस चालू झाली, पोरगा वाचला. हे सगळं मी नंतर एका चांगल्या शिकलेल्या मित्राला सांगितलं तर तो म्हणतो, काकांची ज्ञानव्यवस्था वेगळी आहे, तिला आपल्या मापाने मोजू नये. अरे पण काकांना तर मोजूनच हवं होतं! सापाची जात त्यांनीच आधी विचारली, काकांच्या दृष्टीने फुरसं आणि आपल्या दृष्टीने दिवड असला प्रकार त्यांच्या गावीही नव्हता. आदर करता करता मित्राने माझ्या काकांना आहेत त्यापेक्षा भोळं करून टाकलं, याचाच मला राग येतो.

मग मी झांदे परत वाचले तेव्हा तिथेही हेच दिसायला लागलं. त्यांचा कौल म्हणजे कोंबडीच्या पिल्लाला बेंगे नावाचं विष पाजायचं, मरतं की जगतं त्यावरून उत्तर. पण एकदा विचारून भागत नाही, प्रश्न उलटा करून दुसऱ्या पिल्लावर परत बघतात, आणि दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर तो कौल धरत नाहीत. त्यांच्याकडच्या वैदूंमधले (म्हणजे मांत्रिकांमधले) बरेचसे लबाड असतात हे झांदे स्वतःच बोलून दाखवायचे. इव्हान्स-प्रिचर्डचा नोकर कमांगा वैदूगिरी शिकला तेव्हा रोग्याच्या अंगातून 'वस्तू काढायची' हातचलाखी शिकवण्यातच होती. म्हणजे खरा कौल आणि खोटा कौल हा फरक त्यांच्याकडेही आहेच, तो गोऱ्या माणसाने नेलेला नाही. आता कौल चुकला की विष खराब होतं, कोणीतरी चेटूक केलं, असं म्हणून मूळ समजूत ते शाबूत ठेवतात, पण ते तर आपल्याकडचे अर्थतज्ज्ञही करतात.

महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मला म्हणूनच बरा वाटतो. कोणाची श्रद्धा खरी, कोणाची खोटी यात तो शिरत नाही, ठराविक कृत्यांची यादी देतो, आणि साप, विंचू, कुत्रा चावल्यावर माणसाला उपचारापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं त्या यादीत आहे. नुसता मंत्र म्हणणं नाही, अडवणं. या हिशोबाने काका सुटले.

तर माझं झुकतं माप कुठे ते कळलंच असेल, तरी माझा अनुभव म्हणजे काही मोजमाप नव्हे. तुम्हाला वस्त्यांवर जाऊन फील्डवर्क करायचं असेल तर पहिलं वर्षभर सापेक्षतावादीच राहा, नाहीतर समोरच्याचं बोलणं संपायच्या आत तुम्ही त्याची चूक काढून मोकळे व्हाल. आणि तर्कशुद्ध वागणं म्हणजे काय, त्याच्या तऱ्हा खरंच अनेक असू शकतात, तिथे मी अजून विंचकडे थोडा सरकलेला आहे. रक्त गोठलं की नाही, याच्या मात्र दोन तऱ्हा मला मान्य नाहीत.

अजूनही ठरत नसेल तर कुकवाला वाद वाचा. आधी ओबेसेकेरे, मगच सालिन्स. उलट क्रमाने वाचलंत तर सालिन्सच्या तपशिलांच्या ढिगाऱ्याखाली ओबेसेकेरेंचा साधा प्रश्न ऐकूच येत नाही, आणि तो प्रश्न आधी ऐकावा असं मला वाटतं.