न बदललेल्या मदरबोर्डाचे १३,८०० रुपये

लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम म्हणजे बायोस. त्याचं अपडेट अर्ध्यात अडकलं की स्क्रीन काळी, पंखा चालू, एखादा दिवा लुकलुकतोय. दुकानदाराला एवढं पुरतं. "बोर्ड गेला साहेब." ५,००० आगाऊ, ८,८०० नेताना. एकूण १३,८००.

बोर्ड बदललाच नव्हता! त्यावरची आठ पायांची बायोस चिप काढली, प्रोग्रामर नावाच्या छोट्या यंत्रावर तिच्यात बायोसची फाइल लिहिली, पुन्हा डागली. काम हजार-दीड हजारांचं. झाकण उघडलं तर रॅम वाढवताना काढलेल्या फोटोतला बारकोडच बोर्डावर चिकटलेला, आणि चिपच्या पायांभोवती डाग देताना लावतात त्या फ्लक्सचा पिवळट चिकटा.

संशय यायला हवा होता तो लॅपटॉप ताब्यात घेताना. जुना बोर्ड मागितला तर म्हणे "तो कंपनीला एक्स्चेंजमध्ये गेला." कसलं डोंबलाचं एक्स्चेंज! वॉरंटी संपलेल्या लॅपटॉपचा बोर्ड गल्लीतल्या दुकानातून कुठली कंपनी परत घेते? पण लॅपटॉप सुरू, डेटा शाबूत, मागे गिऱ्हाईकं ताटकळलेली. तिथे कोण स्क्रू उघडून बघणार? बायोसमध्ये सिरीयल नंबर जुनाच कसा, यालाही उत्तर तयार: "जुना डेटा नव्या बोर्डावर टाकला." तसं खरंच करता येतं, म्हणून ही थाप पचते. सिरीयल नंबरावर जाऊ नका. लॅपटॉप देण्याआधी बोर्डावरच्या बारकोडचा फोटो काढा.

दुकानाची पायरी चढण्याआधी रिकव्हरी, म्हणजे पेनड्राइव्हवरच्या फाइलने बायोस पुन्हा भरणं, करून बघा. बऱ्याच डेल मॉडेलांत चार्जर काढून कंट्रोल आणि एस्केप दाबून ठेवायचं, मग चार्जर लावायचा. एचपीत विंडोज आणि बी दाबून पॉवर बटण. पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारात फॉरमॅट केलेला, त्यावरची बायोस फाइल नेमकी त्याच मॉडेलची.

तक्रारीचं तर विचारूच नका. चौकीत म्हणाले, दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा. सायबर पोलीस म्हणाले, यूपीआयने पैसे तुम्हीच पाठवलेत, यात सायबर काय? बिल दाखवा म्हणाले, तर त्यावर नुसतं 'लॅपटॉप रिपेअरिंग'. ना जीएसटी नंबर, ना बोर्डाचा उल्लेख. मग सगळ्यांचेच हात वर. भामटा दुकानात निवांत, आणि लुटला गेलेल्यानेच कागद गोळा करत फिरायचं! १९१५ ची ग्राहक हेल्पलाइन मध्यस्थी करते, आदेश देऊ शकत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात (चौकीतले ज्याला मंच म्हणाले तो) ५ लाखांपर्यंत फी नाही, पण पुरावा लागतोच.

बिलावर 'मदरबोर्ड बदलला' आणि दोन्ही बोर्डांचे नंबर लिहून घ्या. जुना बोर्ड हातात आल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका.