घर खरे, मालक खरा, शाळा मात्र खोटी : न्यू जर्सीत आमची झालेली फसवणूक

न्यू जर्सीत मुलांच्या शाळेसाठी घर बदलणाऱ्या आपल्या लोकांना गाठून पैसे उकळण्याचा एक धंदा जोरात सुरू आहे. त्यात आमचे २,५५० डॉलर गेले, आणि वर्षभर दरमहा ४५० डॉलर जादा भाडे आम्ही भरत आहोत ते वेगळेच. दुसऱ्याच्या घराचे फोटो टाकून डिपॉझिट घेऊन पसार होणारे भामटे सर्वांच्या परिचयाचे आहेत, त्यांच्याविषयी मी नव्याने काही सांगण्याची गरज नाही. हा प्रकार त्याहून चलाख आहे, कारण यात घर खरे असते, मालक खरा असतो, चावीही वेळेवर हातात पडते. खोटी असते ती फक्त शाळा, आणि ते कळेपर्यंत लीजवर सही होऊन गेलेली असते.

पुण्यात किंवा ठाण्यात आपण शाळा निवडतो ती फी, बोर्ड आणि स्कूलबसचा मार्ग पाहून. एक किलोमीटर, तीन किलोमीटर असे अंतर मोजण्याची वेळ आरटीईचा अर्ज भरणाऱ्यांवरच येते. इथे सरकारी शाळा फुकट आहे, पण ती घराच्या पत्त्याला बांधलेली आहे. न्यू जर्सीएवढ्या लहान राज्यात जवळपास सहाशे स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपापल्या हद्दीतल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्था, आहेत. घरामागे वर्षाला सरासरी दहा हजार डॉलरच्या आसपास जो मालमत्ता कर भरला जातो, त्यातला मोठा वाटा या शाळांकडे जातो, आणि त्यामुळे एकाच रस्त्याच्या दोन बाजूंच्या सारख्याच घरांच्या भाड्यात शाळेपायी फरक पडतो. रेटिंगच्या संकेतस्थळावर एका बाजूच्या शाळेला दहापैकी नऊ आणि दुसऱ्या बाजूच्या शाळेला सात गुण दिसले की पालकांचे पाय आपोआप नऊकडे वळतात. भामटे नेमके याच ठिकाणी दबा धरून बसलेले असतात.

त्यांच्या कामी येते ती इथली एक गोम, जी नव्याने आलेल्या माणसाला कोणी समजावून सांगत नाही. पत्त्यात लिहिलेले गाव हे टपाल खात्याने ठरवलेले असते; त्याचा टाउनशिपशी, म्हणजे घर ज्या नगरपालिकेच्या हद्दीत येते तिच्याशी, किंवा शाळेशी काही संबंध असेलच असे नाही. ‘प्रिन्स्टन ०८५४०’ असा पत्ता असलेली कितीतरी घरे प्रत्यक्षात वेस्ट विंडसर, साउथ ब्रन्सविक किंवा लॉरेन्स टाउनशिपमध्ये आहेत आणि तिथली मुले प्रिन्स्टनच्या शाळेत जात नाहीत. बेल मीडचा पत्ता असलेली काही घरे माँटगोमेरीत येतात, तर काही हिल्सबरोमध्ये. आमचे घर यांपैकी कुठेही नाही. ते ज्या दोन टाउनशिपच्या सीमेवर आहे त्यांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण दोष त्यांचा नाही आणि त्यांच्या शाळांचाही नाही.

आम्ही तोपर्यंत जर्सी सिटीत राहत होतो. मुलीला १ ऑक्टोबरच्या आत पाच वर्षे पूर्ण होणार होती, म्हणजे सप्टेंबरमध्ये किंडरगार्टन (पहिलीच्या आधीचा वर्ग) सुरू होणार हे ठरलेले होते. पत्नीने नुकतीच नोकरी धरली होती, त्यामुळे आमची निवड केवळ रेटिंगवर चाललेली नव्हती. एका डिस्ट्रिक्टमध्ये किंडरगार्टन पूर्ण दिवसाचे होते आणि शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये अर्ध्या दिवसाचे, एवढ्या एका कारणासाठी आम्ही पहिला डिस्ट्रिक्ट धरून बसलो होतो. ‘उगीच शाळेचे फॅड’ असे आता आम्हाला ऐकवणाऱ्यांनी दुपारी बाराला सुटणाऱ्या मुलीला कोण आणणार होते, तेही सांगावे.

परवाना असलेल्या एजंटांना आम्ही विचारले नाही असे नाही. त्यातल्या प्रत्येकाने शाळेचा विषय निघताच हात आखडता घेतला. अमुक शाळा चांगली, तमुक वाईट असे बोलणे १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याखाली अंगाशी येऊ शकते म्हणून ते जपून बोलतात, आणि ‘डिस्ट्रिक्टकडे तुम्हीच खात्री करून घ्या’ असे सांगून मोकळे होतात. तेव्हा आम्हाला तो तुसडेपणा वाटला. त्याच सुमारास आपल्याच मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका गृहस्थाची शुद्ध मराठीत लिहिलेली जाहिरात आली, ‘शाळेच्या खात्रीसह भाड्याचे घर’ अशी. फोनवर तो मला ‘साहेब’ आणि पत्नीला ‘वहिनी’ म्हणत असे. सांगलीकडचा आहे म्हणाला. खरे-खोटे देव जाणे. ‘वहिनी, शाळेची काळजी तुम्ही करायचीच नाही, तेवढ्यासाठीच तर मी बसलोय,’ हे त्याचे वाक्य आमच्या घरात आजही कोणी उच्चारले की वाद पेटतो.

घर पाहण्याआधी ‘नोंदणी’ म्हणून त्याने झेलवरून, म्हणजे बँक खात्यातून थेट पैसे पाठवण्याच्या इथल्या सोयीवरून, ७०० डॉलर घेतले. लीज झाल्यावर १,५०० घेतले. मग ‘शाळेच्या प्रवेशाची कागदपत्रे मी लावून देतो’ म्हणून आणखी ३५० घेतले. सार्वजनिक शाळेची नोंदणी पूर्णपणे मोफत असते, त्यासाठी कोणी एक डॉलरही मागितला तर फोन ठेवून द्यावा. पहिले मूल पहिल्यांदा शाळेत घालणाऱ्या माणसाला हे कोणी आधी सांगितलेले नसते, एवढेच मी आमच्या बाजूने म्हणेन.

आता एका डब्याविषयी लिहितो, कारण तो आठवला की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आम्ही घर पाहायला गेलो तेव्हा ड्राइव्हवेच्या कडेला गॅरेजला लागून रिसायकलिंगचा एक मोठा डबा उभा होता. निळे झाकण, एक चाक मोडलेले, आणि पोटावर वीतभर पांढऱ्या अक्षरांत टाउनशिपचे नाव छापलेले. ते नाव आम्हाला सांगितलेल्या टाउनशिपचे नव्हते, शेजारच्या टाउनशिपचे होते. मी थांबलो, वाचले आणि विचारलेही. तो क्षणभरही अडखळला नाही. ‘आधीचे भाडेकरू पलीकडून आले होते साहेब, येताना डबा घेऊन आले असतील,’ असे म्हणून त्याने वहिनींना स्वयंपाकघरातला नवा ओटा दाखवायला आत नेले. घर बदलताना माणसे सोफा टाकून देतात, पण नगरपालिकेचा चाक मोडलेला डबा ट्रकमध्ये घालून आणतात, हे कोणाच्या डोक्यात येईल? त्या अंगणात सगळे खोटे बोलत असताना खरे सांगत होता तो तेवढा एक डबा. आजूबाजूच्या चार घरांसमोरचे डबे नुसते पाहिले असते तरी पुरे होते. पण त्या दिवशी तिथे त्यांचा कचरा उचलण्याचा वार नव्हता, सगळे डबे गॅरेजमध्ये होते, आणि हा मनुष्य एकामागून एक खोली दाखवत आम्हाला पुढे नेत होता.

मी डोळे मिटून सही केली असे कोणी समजू नये. सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेणे हेच माझे पोटापाण्याचे काम आहे. भाड्याच्या संकेतस्थळावर त्या घराखाली आम्हाला हव्या त्या शाळेचे नाव दिलेले मी स्वतः पाहिले होते. अशा ठिकाणी जाहिरात टाकणाराच बरीचशी माहिती भरतो, हे मला नंतर कळले. मालमत्तेच्या नोंदीत मालकाचे नाव शोधले, ते लीजवरील नावाशी जुळले, आणि मालक खरा निघाला म्हणून मी निश्चिंत झालो. त्याच नोंदीत ब्लॉक आणि लॉट या जमिनीच्या क्रमांकांबरोबर टाउनशिपचे नाव असते. घर घेणाऱ्याने आणि भाड्याने राहणाऱ्यानेही सर्वांत आधी तीच ओळ वाचावी.

ऑगस्टमध्ये आम्ही राहायला आलो. डिस्ट्रिक्टच्या ऑनलाइन अर्जात रस्त्याचे नाव टाकले, ते आले. घरक्रमांक टाकला, तो यादीत नव्हता. मी फोन केला तेव्हा रजिस्ट्रार बाईंनी क्रमांक ऐकताच सांगितले की सीमा त्या रस्त्याच्या मधोमध जाते आणि आमची बाजू पलीकडच्या टाउनशिपमध्ये येते. हीच चौकशी सही करण्याआधी फुकटात होते, ओळखपत्रसुद्धा लागत नाही. नुसता रस्ता सांगू नका, क्रमांकासह पत्ता सांगा आणि उत्तर ईमेलवर मागून घ्या.

गृहस्थाचा निर्लज्जपणा यापुढेच दिसला. चूक कबूल करणे दूरच, त्याने आम्हाला दुसरा सौदा सुचवला. त्याच्या ‘ओळखीतल्या’ एका कुटुंबाचा पत्ता हद्दीच्या आत होता. १,२०० डॉलर दिले तर ते आम्ही त्यांच्याकडे राहतो असे प्रतिज्ञापत्र करून देणार होते. ‘सगळेच करतात वहिनी.’ या फंदात कोणीही पडू नये. डिस्ट्रिक्ट चौकशी करतात, घरी माणूस पाठवतात, आणि पत्ता खोटा निघाला तर मूल जितके दिवस शाळेत बसले तितक्या दिवसांची फी पालकांकडून वसूल करू शकतात. आम्ही नकार दिला, तेव्हापासून त्याने फोन उचलणे बंद केले.

मालकाने तर कानांवर हात ठेवले. तो दुसऱ्या राज्यात राहतो. त्याचे म्हणणे एवढेच की लीजमध्ये शाळेचा एका शब्दानेही उल्लेख नाही, आणि तोंडी दिलेले कोणतेही आश्वासन ग्राह्य नाही असे कलम त्यात आहे. ते कलम खरोखरच आहे. शेजारच्या तशाच घराचे भाडे ३,२०० आहे आणि आमचे ३,६५०, हे त्याच्या कानावर घातल्यावर ‘तुम्ही सही केली आहे’ हे उत्तर मिळाले. शाळा हेच घर घेण्याचे कारण असेल तर ती अट लीजमध्ये लेखी घालून घ्या; त्या वेळी समोरचा जो आढेवेढे घेईल, त्यातच तुमचे उत्तर मिळेल.

आणि आता दाद मागण्याची कथा. पोलिसांनी तक्रार ऐकून घेतली, आणि घर मिळाले आहे, लीज खरे आहे, तेव्हा हा दिवाणी वाद आहे असे सांगून बोळवण केली. बँकेने सांगितले की झेलचे पैसे तुम्ही स्वतःच्या हाताने पाठवले आहेत. चोराने खात्यात शिरून काढले असते तर संरक्षण होते, तुम्हीच पाठवल्यावर ते नाही. म्हणजे माझ्या खिशात हात घातला तर तो गुन्हा, आणि गोड बोलून माझाच हात माझ्या खिशात घालायला लावला तर तो व्यवहार! मोबदला घेऊन दुसऱ्याचे घर भाड्याने लावून देणाऱ्याला या राज्यात परवाना लागतो, म्हणून मी राज्याच्या कार्यालयाकडे लेखी तक्रार केली. जाहिरात, संदेश आणि पैसे पाठवल्याच्या पावत्या असा सगळा पुरावा जोडला. उत्तरादाखल तक्रार मिळाल्याचे पत्र आले. त्यानंतर फोन केला की दर वेळी नवा माणूस बोलतो, दर वेळी मी पहिल्यापासून सांगतो, आणि दर वेळी ‘प्रकरण विचाराधीन आहे’ हे ऐकून फोन ठेवतो. विचार करायला एवढे काय आहे? त्या गृहस्थाचे नाव परवान्याच्या सार्वजनिक यादीत नाही, हे मला घरी बसून पाच मिनिटांत दिसले, ते त्यांना दिसत नाही काय?

शेवटी लहान दाव्यांच्या न्यायालयात गेलो. तिथली मर्यादा २०२२ पासून ५,००० डॉलर आहे, वकील लागत नाही आणि शुल्क ३५ डॉलर आहे. मात्र समन्स पोहोचवायला प्रतिवादीचा पत्ता लागतो. त्याने आम्हाला दिलेला पत्ता भाड्याच्या टपालपेटीचा निघाला आणि समन्स परत आले. ज्याने खोट्या पत्त्यावर आम्हाला घर दिले, त्याचा खरा पत्ता शोधून आणण्याचे काम न्यायालयाने आमच्याच गळ्यात टाकले आहे. ग्रुपचे चालक तरी काही करतील ही आशाही फोल ठरली. त्यांनी मलाच ‘आपापसात कटुता नको’ असे समजावले आणि माझा संदेश काढून टाकला. त्याची जाहिरात मात्र तशीच राहू दिली.

हिशेब असा आहे. त्याच्या घशात गेलेले २,५५०. जादा भाड्याचे वर्षाला ५,४००. अर्ध्या दिवसाच्या किंडरगार्टनमुळे दुपारच्या डेकेअरचे दरमहा ७८०, म्हणजे दहा महिन्यांचे ७,८००. एकूण १५,७५० डॉलर. सामान हलवण्याचे १,४८० मी यात धरलेले नाहीत, ते तसेही लागलेच असते. मुलगी शाळेत रमली आहे, तिच्या बाई उत्तम आहेत, आणि त्या शाळेविषयी माझी काडीचीही तक्रार नाही.

येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळांच्या नोंदण्या सुरू झाल्या की त्याची जाहिरात पुन्हा फिरेल. दिसली तर त्याला खासगीत संदेश पाठवू नका, ग्रुपवरच सर्वांसमोर परवाना क्रमांक विचारा. मालकाकडून टाउनशिपमधील घरमालक-नोंदणीच्या प्रमाणपत्राची प्रत मागा. मालक स्वतः राहत नसलेल्या एक-दोन कुटुंबांच्या घरासाठी ती नोंदणी टाउनशिपच्या कचेरीत करावी लागते, प्रत भाडेकरूला द्यावी लागते, आणि घर कोणत्या टाउनशिपमध्ये आहे ते त्यावरून आपोआप उघड होते. आम्हाला ती प्रत आजतागायत मिळालेली नाही.

३१ जुलैला आमचे लीज संपते. दीड महिन्याच्या भाड्याइतके, म्हणजे ५,४७५ डॉलर डिपॉझिट मालकाकडे आहे. ते व्याजासह तीस दिवसांत परत करावे लागते, आणि विनाकारण अडवले तर दुप्पट मागता येते. या वेळी प्रत्येक खोलीचे, प्रत्येक भिंतीचे तारखेसह फोटो काढून ठेवले आहेत, आणि या प्रतिवादीचा पत्ता तरी माझ्याकडे खरा आहे.