सर्व्हिसच्या टेस्टसाठी मॉक, फेक की खरा डेटाबेस?

सर्व्हिस लेयरच्या, म्हणजे अॅपचे व्यवहाराचे नियम चालवणाऱ्या कोडच्या, टेस्ट लिहायला बसलं की पहिला प्रश्न हाच येतो, रिपॉझिटरी (डेटाबेसशी बोलणारा कोड), पेमेंट, मेल हे सगळं मॉक करायचं का, म्हणजे टेस्टपुरता त्यांच्या जागी खोटा पर्याय द्यायचा का, आणि बहुतेक जण मॉकिटो ही जावाची मॉक बनवणारी लायब्ररी लावून पुढे जातात कारण ट्युटोरियलमध्ये तेच दाखवलेलं असतं. मीही बरीच वर्षं तेच केलं. आता मत बदललंय. जिथे कॉल होणं किंवा न होणं हाच निकाल आहे तिथे मॉक घ्या, आणि जिथे डेटा ठेवला काय नि परत आला काय यावर निकाल ठरतो तिथे फेक किंवा खरा डेटाबेस. हे असं का म्हणतोय ते खाली आहे, तुमचं प्रोजेक्ट वेगळं असेल तर तुम्ही वेगळं ठरवाल, हरकत नाही.

आधी शब्द नीट करून घेऊ, कारण टीममध्ये सगळ्यालाच मॉक म्हणतात. स्टब म्हणजे विचारलं की ठरलेलं उत्तर देणारा. मॉक म्हणजे त्याला कुणी, काय देऊन, किती वेळा कॉल केला हे टेस्टमध्ये तपासता येतं असा. फेक म्हणजे खरंच चालणारी पण हलकी वस्तू, उदा. डेटाबेसऐवजी हॅशमॅपवर, म्हणजे मेमरीतल्या साध्या यादीवर, लिहिलेली रिपॉझिटरी, सेव्ह केलं की फाइंडमध्ये सापडते. मॉकिटोत एकच ऑब्जेक्ट स्टबचं पण काम करतो आणि मॉकचं पण, गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मॉक कुठे भारी पडतो ते बघा. ऑर्डर सर्व्हिस आहे, पेमेंट नाकारलं गेलं तर कन्फर्मेशनचा मेल अजिबात जाता कामा नये. इथे मॉकिटोचे व्हेरिफाय आणि नेव्हर, म्हणजे हा कॉल एकदाही झाला नाही हे तपासणारी एक ओळ, विषय संपला. किंवा गेटवेचा टाइमआउट आला म्हणून सर्व्हिसने परत प्रयत्न केला, तर दोन्ही कॉलमध्ये आयडेम्पोटन्सी की, म्हणजे ही तीच मागणी आहे हे गेटवेला ओळखू देणारी खूण, तीच हवी, नाहीतर ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातील. मॉकिटोच्या आर्ग्युमेंट कॅप्टरने दोन्ही कॉलना काय दिलं ते पकडायचं आणि की जुळवायची. खऱ्या गेटवेवर ही परिस्थिती हवी तेव्हा घडवून आणणं जवळपास अशक्य असतं, मॉकमध्ये पहिल्या कॉलला एक्सेप्शन आणि दुसऱ्याला यश एवढं सांगितलं की झालं. वर स्पीड, अशा शेकडो टेस्ट काही सेकंदात होतात.

आता रिपॉझिटरी. इथे मी स्वतः फसलोय. युजर रजिस्ट्रेशनची सर्व्हिस होती, मेथडवर ट्रान्झॅक्शनल (आतलं सगळं काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, शेवटी कमिट म्हणजे पक्कं करणं), आत सेव्हच्या भोवती ट्राय कॅच, तोच ईमेल आधीच असेल तर डेटाबेसचं युनिक कन्स्ट्रेंटचं, म्हणजे तेच मूल्य दोनदा नको या नियमाचं, एक्सेप्शन पकडून नीट मेसेज द्यायचा असा विचार. टेस्टमध्ये मॉकला सांगितलं की सेव्हला कॉल आला की एक्सेप्शन दे, टेस्ट हिरवी, म्हणजे पास. प्रॉडक्शनला मात्र लोकांना ५०० एरर दिसायला लागला. कारण जेपीएमध्ये (जावातून डेटाबेस वापरायची पद्धत) आयडी डेटाबेसच्या सीक्वेन्सवरून, म्हणजे क्रमांक देणाऱ्या मोजणीवरून, येत असेल तर सेव्ह म्हटल्यावर इन्सर्ट लगेच जातच नाही, तो फ्लशला, म्हणजे साठलेले बदल डेटाबेसकडे पाठवताना, जातो, म्हणजे इथे कमिटच्या वेळी, आणि कमिट होतो तोपर्यंत मेथड संपलेली असते, माझा कॅच मागेच राहिला. मॉकने मला तेच उत्तर दिलं जे मी त्याच्या तोंडात घातलं होतं. डेटाबेसबद्दलचा माझा गैरसमज टेस्टमध्ये जसाच्या तसा उतरला आणि वर हिरवा शिक्का मिळाला, हे मला अजून टोचतं.

दुसरा त्रास रिफॅक्टरिंगचा. लूपमध्ये एकेक सेव्ह होतं त्याऐवजी सगळं एकदम सेव्ह करणारं सेव्हऑल केलं, वागणूक तीच, डेटा तोच, पण सेव्ह तीन वेळा झालं पाहिजे असं व्हेरिफाय केलेल्या सगळ्या टेस्ट लाल. अशा टेस्ट कोड कसा लिहिलाय ते तपासतात, तो काय करतो ते नाही, आणि मग लोक कोड सुधारायलाच घाबरतात.

फेक यातला दुसरा त्रास संपवतो. हॅशमॅपवाली रिपॉझिटरी एकदा लिहायला अर्धा दिवस जातो, पण नंतर टेस्ट वाचायला छान होतात, तीन युजर टाका, सर्व्हिस चालवा, काय उरलं ते बघा. पण फेक खऱ्यापासून हळूहळू दूर जाते, खऱ्यात ईमेल लहान अक्षरांत साठवतात आणि फेकमध्ये नाही असं काहीतरी होतंच. त्यावर उपाय म्हणजे रिपॉझिटरीच्या टेस्टचा एकच संच लिहायचा आणि तो फेकवर पण चालवायचा, खऱ्यावर पण. हे करणार नसाल तर फेकच्या वाटेला जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे.

खरा डेटाबेस म्हणजे टेस्टकंटेनर्स ही लायब्ररी वापरून डॉकरमध्ये, म्हणजे वेगळ्या तात्पुरत्या डब्यात (कंटेनरमध्ये), पोस्टग्रेस हा डेटाबेस उभा करणं. सुरू व्हायला काही सेकंद लागतात पण सगळ्या टेस्टना एकच कंटेनर दिला तर तो खर्च एकदाच पडतो. माझा वरचा बग इथे पकडला गेला असता, पण एक अट आहे, टेस्टवर पण ट्रान्झॅक्शनल लावलं तर स्प्रिंग हा जावाचा फ्रेमवर्क शेवटी रोलबॅक करतो, म्हणजे सगळे बदल मागे घेतो, कमिट होतच नाही, आणि बग परत लपतो. त्यामुळे अशा टेस्ट ट्रान्झॅक्शनशिवाय चालवा आणि टेबल हाताने साफ करा. पोस्टग्रेसचं अजून एक, ट्रान्झॅक्शनमध्ये एक क्वेरी फेल झाली की रोलबॅक होईपर्यंत पुढच्या क्वेरी पण तो नाकारतो, हे मॉक कधीच सांगणार नाही. एचटू हा हलका, मेमरीत चालणारा डेटाबेस वापरून वेळ वाचवायचा मोह होतो पण पोस्टग्रेसचं खास एसक्यूएल लिहिलं असेल तर तो तिथे अडखळतो, मला ती अर्धवट सोय वाटते.

बाहेरच्या एपीआयचं काय? एचटीटीपी क्लायंट थेट मॉक करू नका. मॉकची कल्पना २००० साली मांडणाऱ्यांपैकीच काहींनी २००४ मध्ये सांगितलंय की जे टाइप तुमचे आहेत, म्हणजे तुम्ही स्वतः लिहिलेले क्लास आणि इंटरफेस, तेवढेच मॉक करा. आपला छोटा पेमेंट गेटवे इंटरफेस बनवा, सर्व्हिसच्या टेस्टमध्ये तो मॉक करा, आणि त्याच्या आतला एचटीटीपी कोड वायरमॉकवर, म्हणजे टेस्टसाठी खोटा सर्व्हर उभा करणाऱ्या टूलवर, तपासा, तिथे उशिरा येणारं उत्तर, ५०३, तुटका जेसन सगळं देता येतं आणि तुमचं टाइमआउटचं सेटिंग खरंच चालतं का ते कळतं.

पायथॉनवाल्यांनी एक लक्षात ठेवा, युनिटटेस्ट डॉट मॉक हे मॉकचं मॉड्यूल पायथॉन ३.३ पासून भाषेसोबतच येतं, पण साधा मॉक कुठल्याही नावाच्या मेथडला हो म्हणतो, खऱ्या क्लासमध्ये मेथडचं नाव बदललं तरी टेस्ट हिरवीच. ऑटोस्पेक लावा, मग मॉक खऱ्या क्लासमधल्याच मेथड मान्य करतो. घड्याळासाठी जावात मॉक नको, क्लॉक डॉट फिक्स्ड, म्हणजे ठरलेल्या वेळेवर थांबवलेलं घड्याळ, पुरतं. साधे डेटा ऑब्जेक्ट तर मॉक करूच नका, न्यू म्हणून खरेच बनवा.

आता समजा जुना कोड आहे, एकही टेस्ट नाही आणि सर्व्हिस तिला लागणारे ऑब्जेक्ट आतच न्यू करते, तर आधी ते तिला कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ती बनवतानाच, बाहेरून द्यायला लागा, आणि पहिल्या टेस्ट मॉकने लिहिल्या तरी चालेल, नसण्यापेक्षा बऱ्याच. नवीन काम असेल तर मेल, पेमेंट, क्यू (संदेशांची रांग) यांना मॉक, डेटाबेसला कंटेनर. आणि सर्व्हिसमधले नियम खूपच गुंतागुंतीचे असतील, सवलती, अटी, अपवाद वगैरे, तर ते डेटाबेस किंवा मेलला हात न लावणाऱ्या वेगळ्या क्लासमध्ये काढा, त्याच्या टेस्टला मॉक पण लागत नाही आणि कंटेनर पण नाही.