दडपशाही का कोसळते हे सांगायचं तर: रोमानिया की पूर्व जर्मनी?

वाचनालयाच्या अभ्यासवर्गात या विषयावर तासभर बोलायचं असेल, तर १९८९ मध्ये कोसळलेल्या कम्युनिस्ट राजवटींची ही दोन उदाहरणं हमखास पुढे येतात. मी दोन्ही मांडून पाहिली आहेत.

रोमानिया ऐकणाऱ्याला लगेच धरून ठेवतो. परदेशी कर्ज फेडायच्या हट्टापायी तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने देशातलं अन्न बाहेर विकलं. लोकांच्या वाट्याला रेशनच्या रांगा आणि हिवाळ्यात गारठलेली घरं. मग २१ डिसेंबरला बुखारेस्टमध्ये त्यानेच भरवलेली सभा. भाषण चालू असताना गर्दीतून ओरडा उठतो आणि तो थबकतो. ते चित्रण दाखवलं की वर्ग चिडीचूप होतो. दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरने पळ, २५ तारखेला नवरा-बायकोला गोळ्या.

इथेच माझं घोडं अडलं. दर वेळी प्रश्न यायचे ते त्या शेवटाबद्दलच. दुष्ट माणूस मेला, राजवट पडली, एवढंच घेऊन लोक घरी जायचे. नंतर सत्तेवर आलेले इलिएस्कू चाउशेस्कूच्याच पक्षात वाढलेले, हे सांगेपर्यंत खुर्च्या सरकू लागलेल्या असायच्या. एरवी उदाहरण उत्तम आहे, पण ही गोष्ट मला फार खटकली.

पूर्व जर्मनी सुरुवातीला संथ वाटते, नावंही जड. पण राजवट आतून कशी पोकळ होते ते तिथे दिसतं. सुमारे १ कोटी ६० लाख लोकांवर श्टाझीचे, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांचे, ९० हजार पगारी नोकर, खबरे वेगळेच. तरीही मे महिन्यातल्या स्थानिक निवडणुकीत सरकारी यादीला ९८.८५ टक्के मतं पडल्याचं जाहीर झालं, तेव्हा लोक गप्प बसले नाहीत. कारण काही नागरिक मतमोजणीला स्वतः जाऊन बसले होते. केंद्राकेंद्रावरची विरोधी मतं त्यांनी टिपून आणली, बेरीज केली. सरकारी आकड्याशी ती जुळेना. ९ ऑक्टोबरला लाइपझिगमध्ये सुमारे ७० हजार लोक रस्त्यावर उतरले. फौजफाटा सज्ज होता, पण बर्लिनहून स्पष्ट आदेश येईना आणि गोळी सुटलीच नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत उघडली.

मतमोजणीचं सांगितलं तेव्हा इलेक्शन ड्युटी केलेले एक निवृत्त गुरुजी उठून म्हणाले, "आणि त्यांना बसू दिलं?" त्यावर पुढची चर्चा अर्धा तास रंगली. तेव्हापासून मी बहुधा पूर्व जर्मनीच घेतो.

समोर शाळकरी मुलं असतील तर रोमानियाने सुरुवात करायला हरकत नाही. फक्त त्या मतमोजणीसाठी वीसेक मिनिटं राखून ठेवा.